उत्पन्नाची सरासरी आणि तिच्याभोवतीचा फैलाव

"एकरी सरासरी दहा क्विंटल भात येते," असे उत्तर आपण सोसायटीच्या चिटणिसास देतो, विम्याचा अर्ज भरून घेणाऱ्या कारकुनास देतो, आणि मुलीच्या सासरकडील मंडळी शेत पाहावयास आली तर त्यांसही देतो. उत्तर खोटे नसते. परंतु ज्या दोन शेतांविषयी हे एकच उत्तर दिले जाते ती दोन शेते एकसारखी असतीलच असे नाही. सरासरी कशी काढावी हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. त्या सरासरीपासून निरनिराळ्या वर्षांचे आकडे किती दूर पसरले आहेत हे मोजावयाची रीत मात्र फारशी कोणी वापरीत नाही. आणि कर्ज, विमा व वाटणी या तिन्ही गोष्टींत शेतकऱ्याचे नुकसान होते ते पुष्कळदा येथेच, अशी आमची समजूत आहे.

एक प्रसिद्ध उदाहरण प्रथम घेऊ. २००५ सालच्या २६ जुलै रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच मुदतीत कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७३ मिलिमीटरच पडला. या दोहोंची सरासरी सुमारे ५०९ येते. ती हिशेबाने बरोबर आहे, पण तेवढा पाऊस ना कुलाब्याच्या माणसाने पाहिला ना सांताक्रूझच्या. सरासरी हा दोन आकड्यांच्या मधला एक बिंदू आहे. ते आकडे त्या बिंदूला चिकटून आहेत की त्यापासून कोसभर दूर आहेत, हे तो बिंदू सांगत नाही.

आता कल्याण तालुक्यातील टिटवाळ्याच्या शिवाराकडे वळू. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आंबिवली व खडवली यांच्या मध्ये हे गाव आहे. महागणपतीच्या दर्शनास जाणारी मंडळी देवळापर्यंत जाऊन परत फिरतात. काळू नदीपर्यंत फार थोडे जातात. ही नदी पुढे उल्हास नदीस मिळते. अलीकडे या बाजूस इमारती फार झाल्या, तरी जेथे भात होते तेथे जमिनीचे दोन प्रकार जुन्या माणसांस चांगले ठाऊक आहेत. एक नदीकाठची गाळाची खाचरे व दुसरी वरच्या अंगाची, वरकसाला लागून असलेली खाचरे. पाऊस बेताचा असला की गाळाची जमीन ओल धरून ठेवते आणि भात भरघोस येते. नदी फुगली की तीच खाचरे दिवसचे दिवस पाण्याखाली राहून लावणी कुजते. वरच्या खाचरांस पुराचे भय नाही, पण पावसाने ओढ दिली की तेथे भेगा पडतात.

अशा दोन शेतांचे सात वर्षांचे आकडे आम्ही येथे हिशेबासाठी कल्पिले आहेत. ते कोणाच्याही वहीतून घेतलेले नाहीत. एकरी क्विंटलमध्ये ते असे:

वरचे शेत: ८, १०, ११, ९, १०, १२, १०.
नदीकाठचे शेत: १४, १२, ३, १३, ११, ४, १३.

बेरीज दोन्हींची ७०, सरासरी दोन्हींची १०. तलाठ्याच्या कागदावर केवळ सरासरी लिहिली तर ही दोन शेते जुळी भावंडे ठरतील.

फैलावाचे सर्वांत सोपे माप म्हणजे सर्वांत मोठ्या आकड्यातून सर्वांत लहान आकडा वजा करणे. यास विस्तार म्हणतात. वरच्या शेताचा विस्तार १२ वजा ८, म्हणजे ४; नदीकाठच्या शेताचा १४ वजा ३, म्हणजे ११. बांधावर उभ्याने तोंडी हिशेब करावयाचा तर हे माप पुरते. त्याचा दोष असा की, ते दोनच वर्षांकडे पाहते व मधल्या पाच वर्षांची साक्षच काढीत नाही. शिवाय जितकी वर्षे अधिक घ्यावी तितका विस्तार वाढत जाण्याचा संभव असतो, कारण एखादे विलक्षण वर्ष केव्हा तरी येतेच. म्हणून दहा वर्षांच्या विस्ताराची पाच वर्षांच्या विस्ताराशी तुलना करू नये.

प्रत्येक वर्षाची साक्ष घ्यावयाची तर त्या त्या वर्षाचे उत्पन्न सरासरीपासून किती दूर आहे ते लिहावे लागते. या अंतरास विचलन म्हणतात. नदीकाठच्या शेताची विचलने अधिक ४, अधिक २, उणे ७, अधिक ३, अधिक १, उणे ६ व अधिक ३ अशी आहेत. यांची बेरीज करून पाहावी. ती शून्य येते. कोणत्याही शेताची ती शून्यच येणार, कारण सरासरीची व्याख्याच तशी आहे. वरचे जेवढे तेवढेच खालचे. तेव्हा अधिक-उणे बाजूला ठेवून नुसत्या अंतरांची बेरीज केली तर ती २६ होते, व तीस सातांनी भागिले असता ३·७१ येतात. हे सरासरी विचलन होय. वरच्या शेताचे ते ६ भागिले ७, म्हणजे ०·८६ आहे. येथपर्यंतचा हिशेब चौथी पास झालेल्या मुलासही करता येईल, आणि ज्यास वर्गमूळ काढण्याचा कंटाळा असेल त्याने येथेच थांबले तरी त्याचे फारसे बिघडणार नाही.

तथापि सरकारी कागदांत व कृषी विद्यापीठांच्या अहवालांत जे माप आढळते ते दुसरेच आहे. त्यात प्रत्येक विचलनाचा वर्ग करतात, त्या वर्गांची सरासरी काढतात व शेवटी तिचे वर्गमूळ घेतात. यास प्रमाण विचलन म्हणतात. १८९३-९४ च्या सुमारास कार्ल पिअर्सन या इंग्रज गणितज्ञाने त्यास हे नाव दिले. वर्ग केल्याने उणे चिन्ह आपोआप नाहीसे होते हा एक लाभ. दुसरा लाभ शेतकऱ्याच्या अधिक ओळखीचा आहे. एक क्विंटलची तूट घरातल्या घरात भागते. सात क्विंटलची तूट आली तर सावकाराचा उंबरठा चढावा लागतो. सातांची तूट एकाच्या सातपट जाचते असे नव्हे. तिचा जाच त्याहून पुष्कळ अधिक असतो. वर्ग घेण्याच्या रीतीत मोठ्या विचलनास असेच जास्त वजन मिळते.

नदीकाठच्या शेताच्या विचलनांचे वर्ग १६, ४, ४९, ९, १, ३६, ९, बेरीज १२४. वरच्या शेताची बेरीज अवघी १०. येथे भागावयाचे ते सातांनी नव्हे, तर सहांनी. आपल्याजवळ शेताचा सगळा इतिहास नसून सातच वर्षांचा मासला आहे, आणि सरासरीही त्याच मासल्यातून काढलेली असल्यामुळे फैलाव खऱ्याहून किंचित कमी दिसतो. ती तूट भरून काढण्यासाठी संख्येतून एक कमी करण्याचा प्रघात आहे. १२४ भागिले ६, म्हणजे २०·६७. त्याचे वर्गमूळ ४·५५. वरच्या शेताचे १० भागिले ६, म्हणजे १·६७, वर्गमूळ १·२९. प्रमाण विचलनास सरासरीने भागून शंभरांनी गुणिले म्हणजे चलन गुणांक मिळतो. तो शेकड्यात असल्याने भाताची नाचणीशी किंवा क्विंटलांची रुपयांशी तुलना करण्यास सोयीचा पडतो. आपल्या दोन शेतांचे चलन गुणांक अनुक्रमे शेकडा १३ व शेकडा साडेपंचेचाळीस असे येतात.

इतके झाल्यावर वाचक म्हणतील की, मग नदीकाठचे शेत वाईटच! असा निकाल देण्याची घाई करू नये. आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा पाहिला तर नदीकाठचा मध्यक १२ येतो आणि वरच्या शेताचा १०. सातांपैकी पाच वर्षे नदीकाठच्या शेताने वरच्याहून अधिक धान्य दिले आहे. प्रमाण विचलन फैलाव किती ते सांगते. तो वरच्या अंगास आहे की खालच्या, हे सांगत नाही. ज्या घरात एखादा मुलगा कल्याणास किंवा ठाण्यास नोकरीस आहे त्या घराने नदीकाठचे शेत खुशाल पत्करावे. ज्या घरची कणगी केवळ त्या शेतानेच भरावयाची, त्या घराने पाच चांगल्या वर्षांचा मोह धरण्यापूर्वी ३ व ४ या दोन आकड्यांकडे पाहावे.

आता दोन्ही शेतांचा अर्धा-अर्धा भाग एकाच घराकडे असेल तर काय होते? वर्षवार सरासरी ११, ११, ७, ११, १०·५, ८, ११·५ अशी येते. एकूण सरासरी दहाच राहते. प्रमाण विचलन मात्र १·७६ वर उतरते, व चलन गुणांक शेकडा साडेसतराच्या आसपास. ४·५५ व १·२९ यांच्या मधोमध ते २·९२ यावयास हवे होते; त्याहूनही ते पुष्कळ कमी आले. याचे कारण, ज्या वर्षी नदीकाठ बुडाला त्याच वर्षी वरच्या खाचरांस भरपूर पाणी मिळून ती पिकली. दोन शेतांची दुर्दशा एकाच वर्षी होत नाही, हेच या मिश्रणातील बळ.

आमच्या आजोबांच्या पिढीत वाटणी होई तेव्हा प्रत्येक भाऊ नदीकाठी एक तुकडा व माळाकडे एक तुकडा मागे, आणि चार भावांचे आठ तुकडे होत. पुढे मुंबई इलाख्यात १९४७ चा तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. फार लहान तुकड्यांत नांगर वळत नाही, बांधांत जमीन वाया जाते, भांडणे वाढतात, हे सर्व खरे. कायद्याचा हेतू आम्हांस मान्य आहे. परंतु त्या भावांस अडाणी ठरविताना त्यांच्या हट्टात हा हिशेब होता याची आठवण फार थोड्यांनी ठेविली. ज्यांस आज जमिनीची अदलाबदल करून एकठाव करावयाचा आहे त्यांनी तो जरूर करावा. मात्र सगळा एकठाव नदीकाठीच होत नाही ना, एवढे पाहावे. हळवे, निमगरवे व गरवे असे भात थोडेथोडे लावण्याच्या जुन्या चालीतही हाच गुण आहे. एकाच दिवशी फुलोऱ्यावर आलेले सगळे पीक एकाच पावसात सापडते.

येथवर वर्षावर्षांतला फरक पाहिला. एकाच वर्षी, एकाच शेतातही फैलाव असतो, आणि तो दिसतो त्याहून मोठा असतो. इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथील प्रयोगशेतात मर्सर व हॉल या दोघांनी गव्हाचे एकसारखे दिसणारे एक एकर शेत घेऊन त्याचे पाचशे तुकडे केले व प्रत्येकाचे धान्य वेगळे तोलले. १९११ मध्ये त्यांनी आकडे प्रसिद्ध केले. तुकड्यामागे सरासरी ३·९५ पौंड गहू आला. पण कोठे २·७३ तर कोठे ५·१६ पौंड. चलन गुणांक शेकडा साडेअकराच्या आसपास होता. खत तेच, बी तेच, मशागत तीच! तेव्हा शेताच्या एका कोपऱ्यातील चार लोंब्या हाती घेऊन "यंदा वीस क्विंटल पडणार" असे म्हणणाऱ्या शेजाऱ्याचे किती ऐकावे हे ज्याचे त्याने ठरवावे. तुकडा मोठा घेतला की आतील उणे-अधिक एकमेकांत जिरते. म्हणून त्यांनी प्रयोगासाठी एकराच्या चाळिसाव्या हिश्शाचे पाच तुकडे, शेतात निरनिराळ्या जागी, घेण्याची शिफारस केली. एकराचा चाळिसावा हिस्सा म्हणजे आपला गुंठा. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद. इंग्रजांनी मोजून मापून ज्या मापावर येऊन थांबावे ते आपल्या सातबाऱ्यावर पूर्वीपासून आहे याची आम्हांस मौज वाटते.

आपल्या देशात चिठ्ठी टाकून शेते निवडून पिकाची कापणी करण्याची शास्त्रीय पद्धत बसविणाऱ्यांत दोन मराठी नावे ठळक आहेत. एक सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, दुसरे इंदूरच्या संस्थेत काम केलेले विनायक गोविंद पानसे. शेतीच्या प्रयोगांसाठी संख्याशास्त्र कसे वापरावे यावर या दोघांनी मिळून लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढला, व कृषी महाविद्यालयांतील पिढ्या त्यावर शिकल्या.

ही पीक कापणी आता केवळ अहवालाची बाब राहिलेली नाही. विम्याचे पैसे तिच्यावर ठरतात. १९९९ च्या रब्बीपासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी विमा योजनेत मागील दहा वर्षांच्या उत्पन्नाचा चलन गुणांक पाहून क्षेत्राची जोखीम कमी, मध्यम वा अधिक ठरे, व त्याप्रमाणे संरक्षण ९०, ८० वा ६० टक्के मिळे. म्हणजे ज्याच्या पिकात फैलाव मोठा त्यास संरक्षण थोडे! विमा चालविणाऱ्याच्या बाजूने यास कारण आहे हे आम्ही जाणतो; शेतकऱ्याच्या बाजूने मात्र हे छत्री ऊन पाहून देण्यासारखे झाले. २०१६ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मागील सात वर्षांतील उत्तम पाच वर्षांची सरासरी घेऊन तिचा ठरावीक हिस्सा, ७०, ८० वा ९० टक्के, म्हणजे उंबरठा उत्पन्न, असा नियम झाला. महाराष्ट्रात खरीप २०२३ मध्ये आलेली एक रुपयात विम्याची सोय २०२५ मध्ये बंद झाली, आणि भरपाई पीक कापणीच्या आकड्यांवर ठेवण्यात आली.

आपल्या कल्पित आकड्यांनी हा नियम चालवून पाहू. समजा, एका महसूल मंडळात निम्मी जमीन नदीकाठची व निम्मी वरची आहे. मंडळाची उत्तम पाच वर्षे ११·५, ११, ११, ११, १०·५, सरासरी ११. त्याचे ७० टक्के म्हणजे ७·७ हा उंबरठा. आठव्या वर्षी तिसऱ्या वर्षासारखाच पूर आला. नदीकाठी एकरी ३ व वर ११ क्विंटल पिकले. मंडळाची सरासरी ७. तूट ०·७, उंबरठ्याच्या शेकडा ९. एकरी विमा २०,००० रुपयांचा धरला तर सुमारे १,८०० रुपये मिळतील, आणि ते ज्याची लावणी कुजली त्यासही मिळतील व ज्याची कणगी भरली त्यासही. नदीकाठाचे वेगळे मंडळ असते तर तेथील उत्तम पाच वर्षांची सरासरी १२·६, उंबरठा ८·८२, आणि भरपाई सुमारे १३,२०० रुपये. पूर सहाव्या वर्षासारखा, म्हणजे नदीकाठी ४ व वर १२, असा आला तर एकत्र मंडळाची सरासरी ८ होऊन कोणासही एक पैसा मिळणार नाही. मघाशी ज्या मिश्रणाने घराचे रक्षण केले तेच मिश्रण मंडळाच्या हिशेबात एकट्या शेतकऱ्यास मारते. घराकडे दोन्ही तुकडे होते, मंडळातल्या एकेका शेतकऱ्याकडे एकच आहे.

याहून सूक्ष्म गोष्ट अशी की, मंडळाची सरासरीसुद्धा सगळी शेते कापून काढीत नाहीत. योजनेच्या मूळ सूचनांत मंडळामागे किमान दहा कापण्या सांगितल्या होत्या. चिठ्ठीने पाच नंबर नदीकाठचे व पाच वरचे निघाले तर ७ ही सरासरी येईल. चार नदीकाठचे व सहा वरचे निघाले तर ७·८ येईल, आणि उंबरठा ओलांडला गेल्यामुळे भरपाई शून्य. सहा नदीकाठचे निघाले तर ६·२, व भरपाई सुमारे ३,९०० रुपये. कोणी लबाडी केली नाही, चिठ्ठीही खरी. एका नंबराच्या फरकाने सगळे मंडळ तरते किंवा बुडते. फैलाव जितका मोठा तितकी ही चूक मोठी, व कापण्या वाढविल्या तर ती कमी होते. मात्र ती वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे चूक निम्मी करावयाची तर कापण्या चौपट कराव्या लागतात. म्हणून ज्या मंडळात पुराची व बिनपुराची जमीन मिसळलेली आहे तेथे कापण्या अधिक घ्या, किंवा दोन्ही जमिनींच्या कापण्या वेगळ्या घ्या, ही मागणी ग्रामसभेने लेखी करावी. "आमच्यावर अन्याय झाला" एवढेच लिहिण्यापेक्षा दोन्ही जमिनींचे आकडे व त्यांचे प्रमाण विचलन अर्जास जोडलेले असले तर उत्तर टाळणे जड जाते.

शेतवार पंचनाम्याची वाट निराळी आहे. पाणी साचून भात गेले तर त्या एकट्या शेताची पाहणी करण्याची तरतूद २०१८ मध्ये भातापुरती काढून टाकण्यात आली होती. खरीप २०२६ पासून ती पुन्हा घालण्याचे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. तिच्यात नुकसानीची वर्दी ७२ तासांच्या आत, छायाचित्रासह, मोबाइलवरून द्यावयाची आहे. काळूकाठच्या शेतकऱ्यांनी हे विशेष ध्यानात धरावे, कारण मंडळाची सरासरी त्यांच्या उपयोगी कशी पडत नाही ते वर दिसलेच आहे.

वहीविषयी थोडे सांगून लेख पुरा करू. प्रत्येक खाचराचे नाव, लावणीची तारीख, भाताची जात, व झोडणीनंतर वाळवून केलेले वजन एवढे चार रकाने पुरेत. ओल्या भाताचे वजन एका वर्षी व वाळलेल्याचे दुसऱ्या वर्षी लिहिले तर जो फैलाव निघेल तो शेताचा नसून तराजूचा असेल. दुसरी चूक आम्ही पुष्कळ वह्यांतून पाहिली आहे. वाईट वर्ष आले की त्या वर्षापुढे आडवी रेघ ओढतात, आणि हिशेबाच्या वेळी ते वर्ष सोडून देतात. २००५ व २०१९ च्या जुलैत उल्हास खोऱ्यात मोठे पूर आले. कित्येक वह्यांत त्या वर्षांपुढे रेघच सापडेल. नदीकाठच्या आपल्या शेतातून ३ व ४ हे दोन आकडे वगळून पाहावे. सरासरी १०ची १२·६ होते, प्रमाण विचलन ४·५५चे १·१४, व चलन गुणांक शेकडा ९. म्हणजे ते शेत वरच्या शेताहूनही भरवशाचे दिसू लागते. असे शेत त्या भरवशावर विकत घेतलेली माणसे आम्हांस ठाऊक आहेत. ज्या वर्षी काही आले नाही त्या वर्षापुढे रेघ न ओढता शून्य लिहावे, आणि शेजारी कारण व पाणी किती दिवस उभे होते ते लिहून ठेवावे.